धंदा कशासाठी सुरू केला? तिचे उत्तर आणि त्याचे उत्तर

नमस्कार. एखाद्या पुरुषाला व्यवसाय का सुरू केला असे विचारले, तर 'कोणाच्या हाताखाली राबायचे नव्हते', 'चार पैसे जास्त मिळवायचे होते' किंवा 'वडिलांचेच दुकान होते' अशी उत्तरे येतात. स्त्रीला विचारले, तर 'मुले लहान होती, घर सांभाळून काहीतरी करायचे होते' हे वाक्य फार लवकर कानावर पडते. त्यावरून बायकांची महत्त्वाकांक्षाच बेताची असते असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. मला आज त्याच निष्कर्षाला हरकत घ्यायची आहे.

'ग्लोबल आंत्रप्रेन्युअरशिप मॉनिटर' या आंतरराष्ट्रीय पाहणीत 2019 पासून नव्या उद्योजकांपुढे चार कारणे ठेवली जातात: जगात काही बदल घडवणे, संपत्ती मिळवणे, घराण्याचा व्यवसाय चालवणे आणि नोकऱ्या दुर्मीळ असल्यामुळे पोट भरणे. जगभराचा कल पाहिला, तर संपत्ती आणि घराणे ही कारणे पुरुष अधिक सांगतात, तर नोकऱ्यांच्या टंचाईचे कारण स्त्रिया अधिक सांगतात. मात्र या चारही कारणांत वेळ कोठेच नाही, आणि माझ्या मते खरी गोम तेथेच आहे.

भारताच्या 2024 च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार, घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्यांत स्त्रियांचा दिवसाला सरासरी 289 मिनिटे वेळ त्यात जातो, तर पुरुषांचा 88 मिनिटे. मुलांची आणि वडीलधाऱ्यांची देखभाल त्याहून वेगळी. त्या देखभालीचा हिशेब स्त्रियांसाठी 137 आणि पुरुषांसाठी 75 मिनिटांचा आहे. म्हणजे धंद्याचा विचार मनात येण्याआधीच स्त्रीच्या दिवसातले कित्येक तास वाटून झालेले असतात, आणि उरलेल्या फटीत जो धंदा बसेल तोच तिला 'आवडतो'.

ही फट ओळखून उभे राहिलेले उद्योग महाराष्ट्रात आहेत. 1959 मध्ये मुंबईत गिरगावातल्या सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून 'लिज्जत' उभे राहिले. भिजवलेले पीठ केंद्रावरून घरी न्यायचे, सवडीने पापड लाटायचे, वाळवून दुसऱ्या दिवशी परत द्यायचे आणि लाटण्याची मजुरी घ्यायची, ही तिथली पद्धत. तिचे गुणगान करताना आपण एक गोष्ट विसरतो: या पद्धतीने बाईला उत्पन्न मिळवून दिले आणि मालकीतही वाटा दिला, पण घरकामाची वाटणी जशीच्या तशी ठेवली.

गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांचेही तेच. कोकणातून आणि घाटावरून आलेले, कुटुंब गावी ठेवलेले गिरणी कामगार त्यांच्याकडे जेवत. घरच्या चुलीवर अजून काही जणांचा स्वयंपाक वाढवणे हाच तो व्यवसाय, आणि भांडवल सावकाराचे. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये 'अन्नपूर्णा महिला मंडळ' स्थापन करून या बायकांना बँकेच्या कर्जापर्यंत नेले. त्यांच्या श्रमाला पत मिळाली, तेव्हा कुठे त्यांना उद्योजक म्हणण्याची आपली तयारी झाली!

पुरुषांच्या बाबतीतही कुटुंब हे मोठे कारण असते, फक्त त्याची दिशा उलटी असते. मूल झाले की त्याच्यावर अधिक कमावण्याचा दबाव येतो, म्हणून तो धंदा वाढवतो. त्याच प्रसंगी ती ऑर्डरी कमी करते. दुकानात बारा तास बसून मुलांचे बालपण हुकलेल्या पुरुषाला 'घर कसे सांभाळले' असे कोणी विचारत नाही, हाही एक प्रकारे त्याच्यावरचा अन्यायच आहे.

स्त्रियांच्या उत्तरांत क्वचितच उघडपणे येणारे आणखी एक कारण म्हणजे पैशावरचा ताबा. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडमध्ये चेतना गाला सिन्हा यांनी 1997 मध्ये 'माणदेशी महिला सहकारी बँक' सुरू केली. मजुरी बुडवून बँकेत येणे बायकांना परवडेना, म्हणून बँक दारापर्यंत गेली. पुढे तर पासबुक घरी ठेवले की नवऱ्याला शिल्लक कळते आणि तो पैसे मागतो, अशी तक्रार आली. घरी दाखवता येत नाही अशी शिल्लक जमवणाऱ्या स्त्रीला महत्त्वाकांक्षा नाही, असे म्हणायला मी तरी धजणार नाही.

आता कायद्याकडे पाहा. 2017 च्या दुरुस्तीनंतर पात्र नोकरदार स्त्रीला पहिल्या दोन मुलांच्या वेळी 26 आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजा मिळते आणि 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करावी लागते. स्वतःचा धंदा चालवणारीला यातले काही लागू होत नाही. 2013 च्या सहाव्या आर्थिक गणनेत स्त्रियांच्या मालकीच्या आस्थापना सुमारे 80 लाख, म्हणजे एकूण आस्थापनांच्या 14 टक्क्यांच्या आसपास होत्या, आणि त्यांतल्या बहुसंख्य ठिकाणी पगारी माणूस एकही नव्हता. तिथे बाळंतपणात दुकान उघडे ठेवायचे तर ते मालकिणीनेच, आणि बाळ सांभाळायचे तेही तिनेच.