सामान्यांचा नकार

इसवी सनापूर्वी ४९४. रोममध्ये कर्ज थकलं, की सावकार माणसालाच बांधून नेत असे. त्यात लढाईवरून परतलेले सैनिकही सुटत नसत. शेवटी ही सामान्य माणसं शहर सोडून जवळच्या डोंगरावर जाऊन बसली. सैन्य त्यांच्यातूनच उभं राहायचं. उमरावांना तडजोड करावीच लागली.

त्या तडजोडीतून एक पद जन्मलं: ट्रिब्यून, म्हणजे सामान्यांचा प्रतिनिधी. त्याच्या हाताखाली ना फौज, ना खजिना. पण कॉन्सलच्या, म्हणजे रोमच्या सर्वोच्च अधिकाऱ्याच्या हुकमाला किंवा सिनेटच्या, म्हणजे उमरावांच्या सभेच्या ठरावाला तो आडवा आला, की काम तिथेच थांबे. त्याच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही, अशी शपथ लोकांनीच घेतली होती.

या पदाचा एक नियम आजच्या प्रत्येक तक्रार निवारण कार्यालयात लावून ठेवावा असा आहे. ट्रिब्यूनच्या घराचं दार रात्रंदिवस उघडं असे, आणि एक रात्रही शहराबाहेर काढायची त्याला मुभा नसे. अन्याय होत असेल तिथे त्याने स्वतः पोहोचायचं. अर्ज, तारीख, पुढची तारीख, असला प्रकारच नव्हता.

मग इसवी सनापूर्वी १३३ उजाडलं. श्रीमंतांनी दाबलेली सरकारी जमीन गरिबांना वाटावी, असा कायदा टायबेरियस ग्रॅकसने मांडला. तो स्वतः ट्रिब्यून. अडवणारा ऑक्टेव्हियसही ट्रिब्यूनच. टायबेरियसने लोकांच्या मतदानाने त्याला पदावरून काढलं. मागणी न्याय्य होती, यात मला शंका नाही. पण नकार देणाऱ्यालाच हटवता येतं, हे त्या दिवशी सगळ्या रोमने पाहिलं. काही महिन्यांतच सिनेटर आणि त्यांची माणसं टायबेरियसवर तुटून पडली. त्याला ठार करून प्रेत नदीत फेकलं. शपथेचं कवच दोन्ही बाजूंनी फुटलं होतं.

लोकपाल, निवडणूक आयुक्त, लेखापरीक्षक ही आजची पदंही सत्तेला अडवण्यासाठीच असतात. त्यांना कोण नेमतं आणि कोण काढू शकतं, हे म्हणूनच आधी विचारायला हवं.

कारण रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याने ट्रिब्यूनचं पद रद्द केलंच नाही. इसवी सनापूर्वी २३ मध्ये त्याने ट्रिब्यूनचे अधिकार तहहयात स्वतःकडे घेतले, पद मात्र घेतलं नाही. ट्रिब्यून पूर्वीसारखेच निवडले जात राहिले. आणि सम्राट आपल्या कारकिर्दीची वर्षं याच अधिकाराच्या हिशेबाने मोजू लागले, नाण्यांवरही तशीच कोरू लागले.