फोंड्यात पायी आलेली पॅरा पलटण

मंडळी, गोव्याच्या मुक्तिदिनाच्या व्याख्यानात लढाईचा नकाशा उलगडून दाखवायची रीत आहे. मी तो थोडक्यात आटोपतो, कारण मला बोलायचंय त्या वाटांवरून चालत आलेल्या माणसांबद्दल.

१८ डिसेंबर १९६१. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोव्यावर भारतीय लष्कराची मुख्य चढाई १७ इन्फंट्री डिव्हिजनची होती. आग्र्याहून आणलेल्या ५० पॅराशूट ब्रिगेडकडे, म्हणजे पॅरा जवानांच्या ब्रिगेडकडे, उत्तरेची, कागदावर दुय्यम ठरवलेली बाजू होती. पश्चिमेच्या तुकडीत २ शीख लाइट इन्फंट्री आणि रणगाडे. ती दोडामार्गाहून थिवीमार्गे संध्याकाळी पणजीसमोर नदीपलीकडच्या बेतीला पोचली. मधली १ पॅरा ही पंजाबी पलटण बाणस्तारीच्या वाटेने निघाली. आणि पूर्वेकडून आपल्या फोंड्याच्या रोखाने आली ती २ पॅरा. मराठा पलटण. पोर्तुगीजांनी वाटेतले पूल उडवले होते, तरी १९ तारखेच्या सकाळी ब्रिगेड पणजीत होती. शहरात शिरताना ब्रिगेडियर सगत सिंग यांनी जवानांना लोखंडी टोप काढून पॅराच्या मरून रंगाच्या टोप्या घालायला सांगितलं. या विजयाची किंमतही मोजावी लागली. आग्वादच्या किल्ल्यातल्या कैद्यांना सोडवायला गेलेले ७ कॅव्हलरी या रणगाडा पलटणीचे मेजर शिवदेव सिंग सिद्धू तिथेच धारातीर्थी पडले.

विमानातून उड्या मारायला शिकलेली ही पोरं इथे जमिनीवरूनच लढली. पण ती ज्या मुशीतून निघाली होती ती मूस वेगळी, आणि ती समजल्याशिवाय ही माणसं समजत नाहीत.

पॅरा जवानाला छातीवर पंखांचं चिन्ह मिळतं ते पाच उड्यांनंतर, त्यातली एक रात्रीची. आता विमानाच्या आत काय चालतं ते बघा. इंजिनांच्या आवाजात शेजाऱ्याचं बोलणं ऐकू येत नाही. उभं राहायचा हुकूम होतो. प्रत्येक जण आपल्या छत्रीच्या, म्हणजे पॅराशूटच्या, पट्ट्याचा आकडा विमानातल्या तारेला अडकवतो. उडी मारली की तोच पट्टा ताणून छत्री उघडतो. मग सामान तपासायचा हुकूम. छत्री असते स्वतःच्या पाठीवर, म्हणजे ती स्वतःला दिसतच नाही! ती तपासतो मागे उभा असलेला गडी. पट्टा नीट आहे, कुठे अडकलेला नाही, हे तो हाताने चाचपतो. मग सगळ्यात मागचा आपला नंबर ओरडून ‘ओके’ म्हणतो आणि पुढच्याच्या खांद्यावर थाप मारतो. ती थाप एकेक करत दारापर्यंत जाते. हिरवा दिवा लागतो.

मला वाटतं, पॅरा जवानांची दोस्ती इतकी घट्ट का असते याचं उत्तर त्या हाताच्या चाचपणीत आहे. मागच्या गड्याशी काल भांडण झालेलं असो, तो कुठल्या गावचा, कुठल्या घरचा असो, आज तुमचा जीव त्याच्या बोटांत आहे. हे नुसतं जवानांपुरतं नव्हतं. सगत सिंग आधी गुरखा रेजिमेंटमध्ये होते. चाळिशी उलटल्यावर पॅरा ब्रिगेड हाती आली, तेव्हा त्यांनीही उड्या मारून पंख मिळवले. त्याशिवाय या माणसांनी त्यांना आपलं मानलं नसतं, आणि ते योग्यच होतं.

आता दहा वर्षं पुढे चला. ११ डिसेंबर १९७१, बांगलादेशातलं टांगाईल. लेफ्टनंट कर्नल कुलवंत सिंग पन्नू यांच्या हाताखाली हीच २ पॅरा दुपारनंतर आकाशातून उतरली. मैमनसिंगकडून ढाक्याला माघारी चाललेल्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट अडवायला लोहाजंग नदीवरचा पुंगली पूल ताब्यात घ्यायचा होता. उडी मारल्यावर माणसं पांगतात. बोट धरून सोबत उतरता येत नाही. अंधार पडायच्या आत आपली माणसं शोधायची, सामान गोळा करायचं आणि पुलाकडे निघायचं. त्याच रात्री पूल त्यांच्या हाती आला. रात्रभर शत्रूचे हल्ले होत राहिले, पण पूल सुटला नाही.

आणि १२ तारखेला जमिनीवरून त्यांना येऊन मिळाली कोण, तर १ मराठा लाइट इन्फंट्री, जंगी पलटण! बेळगावचं मराठा सेंटर इथून किती लांब? सातारा, कोल्हापूर, कोकण, बेळगावच्या गावांतली पोरं या रेजिमेंटमध्ये पिढ्यान्‌पिढ्या जातात. दूरच्या त्या मुलखात एका पुलापाशी दोन मराठी पलटणी भेटल्या. त्या भेटीचं वर्णन करायला मला शब्द सापडत नाहीत, आणि मी ते रंगवूनही सांगणार नाही. चार दिवसांनी, १६ डिसेंबरला ढाक्यात सगळ्यात आधी शिरली ती २ पॅराच.

म्हणजे हिशेब करा. फोंड्याच्या वाटेवर विशीत असलेला शिपाई टांगाईलला हवालदार असू शकतो. आज तो पंच्याऐंशीच्या घरात असेल. आणि त्याला पाहिलेली आपली माणसंही त्याच वयाची आहेत. उसगावात, फोंड्यात ज्यांच्या घरी अशी आजी-आजोबा असतील, त्यांनी या आठवड्यातच त्यांच्यापाशी बसावं. जवानांना नदीपार कोणी नेलं, कोणाच्या अंगणात ते टेकले, कोणती भाषा बोलले, एवढं विचारून लिहून ठेवा. माझा पत्ता व्यवस्थापकांकडे आहे. दोन ओळी असल्या तरी पाठवा.