पैसे घ्यायला पिन कशाला?

नमस्कार मंडळी! माझ्या मुलुंडच्या मावशीने जुनं लोखंडी कपाट विकायला काढलं. ऑनलाइन फोटो टाकला, किंमत ₹८,०००. दहा मिनिटांत फोन. समोरचा म्हणे मिलिटरीतला, कुलाब्याला बदली झालेली. कपाट आवडलंय, भाव मान्य, पैसे आत्ताच पाठवतो, गाडी उद्या येईल.

मला सांगा, मुंबईत जुनं कपाट घासाघीस न करता घेणारं गिऱ्हाईक बघितलंय कधी? कपाट न बघताच! पण मावशी खूश.

आधी त्याने पाच रुपये पाठवले. ते खरंच आले, आणि तिथेच मावशीचा विश्वास बसला. मग व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड आला. "हा स्कॅन करा, पिन टाका, आठ हजार जमा होतील."

(फोन कॅमेऱ्यासमोर धरून) हे बघा. कोड स्कॅन केला की त्याचं नाव येतं, रक्कम येते आणि खाली बटण, 'पे'. पे म्हणजे द्या! आपला वडापाववाला आठवा. कोड गाडीला चिकटवलेला, हात बेसनात. तुम्ही पैसे पाठवता, त्याचा स्पीकर ओरडतो. तो पिन टाकतो का? पैसे यायला पिन लागतच नाही.

मावशीने टाकला. आठ हजार गेले. आणि गंमत पुढेच आहे. तो म्हणाला, "अरेरे, उलटं झालं. आता सोळा हजारांचा कोड पाठवतो, सगळे एकदम परत येतील." गेलेले पैसे परत मिळवायच्या घाईतच माणूस दुसऱ्यांदा फसतो. तेवढ्यात मावसभाऊ घरी आला, म्हणून थांबलं.

पूर्वी हे लोक यूपीआयवर थेट पैसे मागणारी रिक्वेस्ट पाठवायचे. दोन व्यक्तींमधली ती सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. क्यूआर मात्र आहेच. आणि 'गॅसबिल थकलंय, आज रात्री कनेक्शन तोडू' असं सांगून व्हॉट्सॲपवर एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल आली, तर उघडूच नका. असलं ॲप फोनमध्ये शिरलं की तुमचे ओटीपी वाचू शकतं.

पैसे गेलेच तर? आधी १९३० लावा, ही सायबर फसवणुकीसाठीची सरकारी हेल्पलाइन. लाज वाटते म्हणून दोन दिवस गप्प बसू नका. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरवत असतो. ते पुढे सरकायच्या आत बँकेला अडवता येतात. व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक हाताशी ठेवा, तो विचारतात. आपल्या बँकेलाही लगेच कळवा. चॅट आणि नंबर डिलीट करू नका. मावशी रागाने तेच करत होती!

कपाट अजून तिच्याच गॅलरीत आहे. काल भंगारवाला आला होता. ₹९०० म्हणाला, मावशीने ₹१,१०० वर आणलाय.