चेस्टरफील्डचा वाकडा सुळका: सैतान, प्लेग आणि तेहेतीस टन शिसं

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर आजचा विषय आहे 'एका इंग्लिश पॅरिश चर्चचा इतिहास आणि स्थापत्य'. इतिहास येईल, स्थापत्यही येईल. पण आधी एका वाकडेपणाचा निकाल लावू, कारण डर्बीशरमधल्या चेस्टरफील्ड गावचं सेंट मेरी अँड ऑल सेंट्स चर्च म्हटलं की लोक थेट त्याच्या मनोऱ्यावरच्या वाकड्या, निमुळत्या सुळक्याकडेच वळतात.

आधी मापं सांगतो. जमिनीपासून टोकापर्यंत उंची २२८ फूट. सुळका अष्टकोनी, आत ओकचा सांगाडा, वर शिशाचं आवरण, त्याचं वजन सुमारे ३३ टन. बुडापासून वर जाताना तो स्वतःभोवती ४५ अंश फिरला आहे, आणि टोक मूळ मध्यापासून साडेनऊ फूट नैऋत्येला सरकलं आहे. बांधून झाला १३६२च्या सुमारास, म्हणजे साडेसहाशे वर्षं उभा आहे. आपल्याकडे इमारतीला तीस वर्षं झाली की स्ट्रक्चरल ऑडिट लागतं. हसू नका, खरं आहे ते.

आता याबद्दल काय काय सांगितलं जातं? सैतान सुळक्यावर बसला होता, धुपाचा वास नाकात गेला, शिंकला, आणि सुळका पिळला. दुसरी गोष्ट जवळच्या बोल्सोव्हरच्या लोहाराची: त्यानं सैतानाला नाल ठोकताना खिळा मांसात घातला, सैतान बोंबलत निघाला आणि जाता जाता सुळक्याला लाथ बसली. तिसरी गोष्ट नवरीची आहे, ती इथे सभ्य लोक बसलेत म्हणून सोडतो. या गोष्टींबद्दल माझी तक्रार नाही. गाइडनं पोट कसं भरायचं? तक्रार आहे ती चौथ्या गोष्टीबद्दल, कारण ती शास्त्रीय वेष घालून येते.

ती अशी: १३४८-४९च्या प्लेगात कसबी सुतार मेले, उरलेल्या शिकाऊ पोरांनी कच्चं लाकूड वापरलं, म्हणून सुळका वाकला. ऐकायला छान. पण त्या काळात ओक कच्चाच वापरत. वाळलेला ओक इतका कठीण होतो की हातच्या हत्यारांनी खाचा पाडताना सुताराच्या नाकी नऊ येतात. आणि वाळवायचा म्हटला तर जाडीच्या दर इंचाला साधारण एक वर्ष धरतात. बारा इंची तुळई म्हणजे एक तप. कोण थांबणार? तेव्हा इंग्लंडमधले सरळ उभे असलेले सुळकेही कच्च्या ओकचेच. शिवाय त्याच शतकाच्या उत्तरार्धात याच चर्चचा नेव्ह, म्हणजे लोक बसतात तो मधला लांब भाग, उभा राहिला. ते दगडकाम नीटनेटकं आहे. प्लेगनं सुतार तेवढे वेचून नेले आणि पाथरवटांना हात लावला नाही, असं मानायचं का?

मग चूक कुठे? कच्चा ओक सुकताना वर्षवलयांच्या दिशेनं सात-आठ टक्के आकसतो, केंद्राकडून सालीकडे त्याच्या निम्मा. दोन दिशांना वेगवेगळा आकसतो म्हणून तुळई पिळते, चिरते. चांगला सुतार हे धरूनच चालायचा. एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत घालून आरपार ओकचीच खुंटी ठोकायची, पण दोन्ही भोकं मुद्दाम जराशी चुकवलेली ठेवायची, म्हणजे खुंटी आत जाताना सांधा ओढून घट्ट होतो. चेस्टरफील्डला उणीव आहे ती तिरक्या आधारांची. उभे आणि आडवे वासे आहेत, पण चौकट तिरकी होऊ नये म्हणून कोपऱ्याकोपऱ्यात जे कर्ण लागतात ते पुरेसे नाहीत. स्टुलाच्या पायांमधल्या पट्ट्या निघाल्या की ते खाली बसत नाही, गरकन फिरतं. तसंच हे.

आणि एवढ्यावरही तो बहुधा निभावला असता. मूळ आवरण लाकडी फळ्यांच्या कौलांचं होतं, हलकं. पुढे त्या जागी शिसं आलं, आणि बाक तिथून सुरू झाला असं आता मानतात. माझा सगळा राग त्या शिशावर आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

शिसं उन्हात वाढतं, म्हणजे किती? दर मीटरला दर अंशाला ०.०२९ मिलिमीटर. दीड मीटरच्या पत्र्यावर हिवाळ्याच्या पहाटेपासून उन्हाळ्याच्या दुपारपर्यंत ६० अंशांचा फरक धरला, तर अडीच मिलिमीटरच्या वर. वाढणं हा प्रश्न नाही, परत न येणं हा प्रश्न आहे. शिसं मऊ, स्वतःच्या वजनानं उतारावरून खाली ओघळतं, आणि गार झालं तरी वर चढत नाही. ऊन पडतं दक्षिणेकडच्या बाजूंवर, उत्तर बाजू गारच. म्हणजे वर्षानुवर्षं ओढ एकाच अंगाला, आणि खाली कर्ण नसलेला सांगाडा. तो उन्हाच्या दिशेनं फिरला यात नवल काय?

म्हणून शिशाचं काम करणाऱ्यांचे नियम आहेत. पत्रे लहान ठेवायचे. तांब्याचे खिळे फक्त वरच्या कडेला. चारही कडा ठोकल्या की पत्रा हलू शकत नाही, फुगे येतात आणि मग नेमका फुग्याच्या घडीवर तडा जातो. सांध्यात डांबर किंवा सिमेंट भरायचं नाही, कडा एकमेकींवर दुमडायच्या. वरून पत्रा ठणठणीत दिसतो आणि खालून सडतो, हेही होतं: आतली वाफ गार शिशावर जमते, ओकमधून निघणारं ॲसेटिक आम्ल तिला मिळतं, आणि पत्र्याच्या पोटाशी पांढरी भुकटी धरते. उपाय म्हणून खाली पाचेक सेंटिमीटर हवा खेळती ठेवतात, पत्र्याच्या पोटाला खडूचा लेप देतात. आणि एवढं करून चोर रात्रीत छत उचलून नेतात! इंग्लंडातल्या कित्येक गावांनी कंटाळून शिशाऐवजी लेप दिलेलं स्टेनलेस स्टील घातलंय.

एक मात्र शिशाच्या बाजूनं. इथले पत्रे तिरके, माशाच्या काट्यासारख्या नक्षीत बसवलेत, त्यामुळे पीळ आहे त्याहून जास्त भासतो. म्हणजे अर्धी करामत डोळ्यांची.

हो, चिठ्ठी मिळाली. दहा मिनिटं. बरं, मग स्थापत्य घाईनं.

आराखडा क्रॉसचा: पश्चिमेला नेव्ह, पूर्वेला चॅन्सेल, म्हणजे वेदीचा भाग, दोन्ही बाजूंना हात, आणि मधल्या चौकावर मनोरा. मनोरा चार खांबांवर आहे, तेरावं शतक पाहायचं तर त्या भागात. नेव्ह चौदाव्या शतकाचा, उभ्या रेषांच्या शैलीकडे झुकणारा, खिडक्या मोठ्या. चॅन्सेलच्या बाजूला लेडी चॅपेलमध्ये, म्हणजे मेरीच्या छोट्या प्रार्थनागृहात, फोलजांब या स्थानिक घराण्याच्या अलाबास्टरच्या समाध्या आहेत, त्या चुकवू नका. जेकोबियन काळातलं, म्हणजे सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं, व्यासपीठही बघा. दगड वर ओढायला सुळका बांधणाऱ्यांच्या काळात वापरायचे तसलं एक लाकडी चाक इथे शिल्लक राहिलं, ते आता गावातल्या संग्रहालयाकडे आहे.

१८४३मध्ये वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटनं इथे जीर्णोद्धार केला, वय तेव्हा जेमतेम बत्तीस. हा तोच स्कॉट, ज्यानं मुंबईत पाऊलही न ठेवता विद्यापीठाचं ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर कागदावर उभा केला. जुन्या चर्चेसना तो जरा जास्तच 'नवं' करतो म्हणून कवी आणि कारागीर विल्यम मॉरिसनं १८७७मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणाची संस्थाच काढली. निमित्त होतं स्कॉटनं हाती घेतलेला ट्यूक्सबरीच्या ॲबीचा, म्हणजे जुन्या मठाच्या चर्चचा, जीर्णोद्धार. त्या भांडणावर वेगळं व्याख्यान लागेल.

१९६१च्या डिसेंबरात उत्तरेकडच्या हाताला आग लागली. १७५६चा, स्नेट्झलर या कारागिरानं बनवलेला ऑर्गन त्यात गेला. शिसं ३२७ अंशांना वितळतं. आग सुळक्यात शिरली असती तर ते पागोळ्यांसारखं खाली आलं असतं. ती वेळेत आटोक्यात आली.

जाणाऱ्यांसाठी: लंडनच्या सेंट पँक्रसहून शेफील्डची गाडी चेस्टरफील्डला थांबते आणि सुळका स्टेशनवरूनच दिसतो. पण एका जागेवरून बघून परतू नका. चर्चला पूर्ण फेरी मारा. एका बाजूनं तो जवळपास सरळ वाटतो, दुसरीकडून पडेल असं वाटतं. मनोऱ्यावर चढायची सोय असेल तर आधी चौकशी करा.

आता प्रश्न. सैतानाबद्दलचे सोडून.