योक फिरवला होता का?

मित्रांनो, सकाळच्या प्रात्यक्षिकात एक गोष्ट घडली, तिथूनच सुरुवात करतो. वेल्ड केलेला तुकडा होता. त्यातली चीर चुंबकीय कणांनी शोधायची होती. आपल्यातल्या एकानं योकचे, म्हणजे दोन पायांच्या विद्युतचुंबकाचे, दोन्ही पाय वेल्डच्या लांबीच्या दिशेनं टेकवले, करंट सोडला आणि अतिनील दिव्याखाली चमकणाऱ्या लोहकणांचं द्रावण ओतलं. काही दिसलं नाही, म्हणून वहीत लिहिलं, ‘दोष नाही’. मी एवढंच विचारलं, ‘योक फिरवला होता का?’ काटकोनात फिरवल्याबरोबर वेल्डच्या कडेनं केसाएवढी हिरवी-पिवळी रेघ उजळली.

चीर तर आधीही तिथंच होती. पण चुंबकीय रेषांच्या आड चीर आली, तरच त्या पृष्ठभागाबाहेर येतात आणि कण तिथे गोळा होतात. चीर रेषांच्याच दिशेनं असेल तर कणांना तिचा पत्ताही लागत नाही. म्हणून प्रत्येक जागा दोन दिशांनी तपासायची. नियम साधा आहे. अवघड एवढंच, की तो पाळला की नाही हे रिपोर्टवरून कोणालाच कळत नाही. ‘दोष नाही’ या दोन शब्दांमागे फक्त तुमची सही असते.

ही पद्धत लोखंड, पोलाद अशा चुंबकाला धरणाऱ्या धातूंसाठी. ॲल्युमिनियमला ती चालत नाही, तिथे एडी करंट. प्रोबमधल्या, म्हणजे हातात धरायच्या तपासणी-कांडीतल्या, तारेच्या कॉइलला एसी दिला की धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतात. चीर आडवी आली की त्यांना वळसा घ्यावा लागतो आणि पडद्यावरचा ठिपका हलतो. पण प्रोब जरा कलला तरी ठिपका हलतोच! चिरेचं हलणं कुठलं आणि हाताचं कुठलं, हे ठरावीक खोलीच्या खाचा असलेल्या ठोकळ्यावर पुन्हापुन्हा प्रोब फिरवूनच कळतं. आयएसओ ९७१२ या तपासणीसांच्या पात्रतेच्या आंतरराष्ट्रीय मानकात लेव्हल वनसाठी, म्हणजे पहिल्या पातळीसाठी, चुंबकीय कणांचं प्रशिक्षण १६ तासांचं आणि एडी करंटचं ४० तासांचं आहे, ते उगीच नाही.

२८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चं छत उडत्या विमानातून फाटून गेलं. एक हवाई सेविका दगावली. चिरा रिव्हेटच्या ओळींत होत्या आणि तिथली काही तपासणी एडी करंटनंच करायची होती. चौकशी अहवालात तपासणीसांच्या कामाचं वर्णन आहे: उंच मचाणावर चढायचं, प्रोब, मीटर आणि दिवा सांभाळायचा, पडू नये म्हणून कधी दोर बांधून घ्यायचा आणि एकेक रिव्हेट बघत जायचं. ते वाचताना मला त्या माणसांचा राग येत नाही. शंभराव्या रिव्हेटवर नजर कशी मंदावते, हे मला माहीत आहे. त्या दिवशी विमानात चढताना एका प्रवाशाला बाहेरून चीर दिसली होती, पण त्यानं ती कोणाला सांगितली नाही.

म्हणून तपासणीसांच्या प्रमाणपत्र परीक्षेत लेखी पेपरबरोबर प्रत्यक्ष तुकडे तपासायला देतात, प्रत्येक भागात ७० टक्के लागतात आणि प्रमाणपत्राची मुदत पाच वर्षांची असते. जवळच्या नजरेची चाचणी मात्र दरवर्षी. ती चाचणी कागदोपत्री उरकायची गोष्ट समजू नका.

सुरुवातीच्या काळात मी एकदा भर उन्हातून थेट अतिनील दिव्याच्या खोलीत गेलो आणि लगेच काम सुरू केलं. तीन गिअर पास केले. त्यातल्या एकाच्या दाताच्या मुळाशी चीर होती, ती सहकाऱ्याला सापडली. दिवा ठीक होता, द्रावण ठीक होतं. माझे डोळेच अजून अंधाराला सरावले नव्हते.

आता आपण त्या खोलीत जाणार आहोत. रंग बदलणारे चष्मे बाहेर ठेवा. आत गेल्यावर पहिली पाच मिनिटं कोणीही तुकडा हातात घ्यायचा नाही.