गंज पुसू नका

[दृश्य : टेबलावर पांढरं सुती कापड. त्यावर तपकिरी रंगाच्या लोखंडी म्यानातली एक तलवार. बाजूला छोटी पितळी हातोडी.]

दुसऱ्या महायुद्धातल्या या जपानी लष्करी तलवारीची अख्खी मूठ एका खुंटीवर टिकून आहे. करंगळीपेक्षाही बारीक, बांबूची खुंटी. जपानी भाषेत तिला मेकुगी म्हणतात.

आपल्याकडच्या तलवारीत पात्याचं शेपूट मुठीच्या पोकळीत बसवून तापवलेली लाख ओततात. ते एकदा बसलं की मूठ तापवल्याशिवाय निघत नाही. जपानी तलवार मात्र उघडता यावी म्हणूनच तशी घडवलेली असते. खुंटी हळूच ठोकून काढायची. तलवार उभी करून मूठ डाव्या हातात धरायची, धार स्वतःपासून लांब ठेवायची आणि उजव्या मुठीने डाव्या मनगटावर ठोसा द्यायचा. पुन्हा एक. पातं सैल होतं आणि थोडं वर सरकतं.

[दृश्य : मूठ बाजूला निघते. मुठीत दडलेला पात्याचा काळपट भाग जवळून.]

आत दडलेल्या या भागाला नाकागो म्हणतात. वरचं पातं आरशासारखं लखलखीत आणि हा गंजलेला. पहिल्यांदा पाहणाऱ्याचा हात लगेच चिंधीकडे जातो, तेलाकडे जातो, एखाद्याचा तर पॉलिश पेपरकडे. कृपा करून थांबा. या तलवारीचा जन्मदाखला तो गंजच आहे.

लोहार वरचं पातं पूर्ण करून उजाळणाऱ्याच्या हाती देतो, पण नाकागोला पुढे कोणी हात लावायचा नाही असा रिवाज आहे. कानशीने घासल्याच्या तिरप्या रेघा तशाच राहतात. छिन्नीने कोरलेली सही तशीच राहते. त्यावर वर्षानुवर्षं एकेक थर चढत जातो. तीनचारशे वर्षांचा नाकागो जुन्या लोखंडी तव्यासारखा दिसतो. रंग काळसर, त्याला आतून तपकिरी झाक आणि बोट फिरवलं तर गुळगुळीत. १९४०च्या दशकातल्या नाकागोवर राखाडी पोलाद अजून उघडं दिसतं, गंज आला असला तर तांबूस असतो आणि कानशीच्या रेघा बोटाला टोचतात. हा फरक डोळ्यांना एकदा कळला की विसरत नाही. आणि तो गंज एकदा घासून काढला की पुन्हा आणता येत नाही. चारशे वर्षांचं वय दहा मिनिटांत पुसलं जातं. अशी पाती पाहिली की पोटात कालवतं, कारण घासणाऱ्याने ते प्रेमानेच केलेलं असतं.

[दृश्य : तलवार पुन्हा जोडलेली. कॅमेरा म्यानावरून मुठीकडे सरकतो.]

आता बाहेरून पाहू. १८७६मध्ये मेइजी सरकारने तलवार बाळगून फिरण्यावर बंदी आणली आणि सामुराईच्या कमरेची तलवार उतरली. नव्या सैन्याने पाश्चात्त्य धाटणीची, बोटांवरून कमान गेलेल्या मुठीची तलवार घेतली. मग १९३४मध्ये लष्कर जुन्या रूपाकडे वळलं. कामाकुरा काळातल्या, म्हणजे तेराव्या शतकाच्या आसपासच्या, ताची तलवारीवर बेतलेला नवा नमुना आला, त्याचं नाव शिन-गुन्तो. मुठीवर पाकट माशाचं खरखरीत कातडं, त्यावर फितीची गुंफण, मुठीपुढच्या चकतीवर, म्हणजे त्सुबावर, चेरीची फुलं. म्यानाला पट्ट्यात अडकवायच्या दोन कड्या. १९३८च्या नमुन्यात एकच कडी राहिली. नौदलाचा नमुना १९३७चा, त्याचं म्यान बहुधा काळं आणि कड्या दोन.

मुठीला लोंबणाऱ्या गोंड्यावरून हुद्दा कळतो. निळा-तपकिरी असेल तर कॅप्टन किंवा त्याखालचा अधिकारी, लाल-तपकिरी असेल तर मेजर ते कर्नल, त्यात सोनेरी धागा असेल तर जनरल. पण गोंडा बदलायला मिनिटभरही लागत नाही. त्यावर विसंबून किंमत ठरवू नये.

मुद्दा असा की जपानी अधिकारी तलवार स्वतःच्या पैशांनी घेत असे. कोणी दुकानातून नवी घेतली, कोणी घरात पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं पातं लष्करी मुठीत बसवून घेतलं. बाहेरून दोन्ही अगदी सारख्या दिसतात. एकीत गेल्या शतकातलं कारखान्याचं पोलाद, दुसरीत सोळाव्या शतकातलं पातं. म्हणून ओळख पटवायची तर मूठ उघडावीच लागते.

[दृश्य : दुसरी तलवार. धातूची रंगवलेली मूठ, रंग उडालेला.]

एक प्रकार मात्र न उघडता ओळखता येतो. १९३५च्या नमुन्याची ही हवालदार दर्जाच्या शिपायाची तलवार. मूठ ॲल्युमिनियमची ओतीव. फितीची गुंफण दिसते ती साच्यात उठवून वर रंग दिलेली. बांबूची खुंटी नाही, स्क्रू आहे. पातं यंत्रावर बनलेलं, त्यात रुंद पन्हळ आणि मुठीजवळ ठोकलेला अनुक्रमांक. हाच आकडा म्यानावरही असतो. दोन्ही जुळले तर पातं आणि म्यान एकत्रच टिकले असं समजायचं. लोहाराच्या कलेच्या दृष्टीने तिच्यात काही नाही, पण इतिहासाच्या दृष्टीने आहे. ती जमवणारे लोक आहेत आणि ते योग्यच करतात असं मला वाटतं. साध्या शिपायाच्या हातातली वस्तू कोणी तरी जपायला हवी.

[दृश्य : अंधाऱ्या खोलीत एकच दिवा. पातं तिरकं धरून त्यावर उजेड फिरतो.]

आता पात्याकडे. खेड्यातला लोहार कोयत्याला पाणी पाजतो तसंच जपानी लोहारही पात्याला पाणी देतो. फक्त आधी तो पात्यावर मातीचा लेप देतो, पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ. तापलेलं पातं पाण्यात बुडालं की धार झटकन थंड होऊन कडक होते, पाठ सावकाश थंड होऊन चिवट राहते. दोन्हींच्या सीमेवर उमटते ती लाटांची रेघ म्हणजे हामोन. उघड्या दिव्याखाली पातं हळूहळू तिरकं करा. अस्सल हामोनमध्ये पांढरं धुकं दिसतं, काही पात्यांत त्या धुक्यात चमचमणारे कण दिसतात. पोलाद घड्या घालून घालून ठोकलेलं असेल तर वरच्या भागात लाकडासारखी नस दिसते.

युद्धकाळात मागणी अफाट वाढली. गिफू प्रांतातलं सेकी हे शहर या कामाचं मोठं केंद्र होतं. तिथे बरीच पाती पाण्याऐवजी तेलात थंड केली गेली. तेल सौम्य असतं, त्यात पातं तडकण्याची भीती कमी. पण हामोन निर्जीव दिसतो, धुकं नाही, चमक नाही, नसही नाही. अशा पात्यांना शोवा-तो, म्हणजे शोवा या जपानी कालखंडातली तलवार, असं म्हणतात. त्यांच्या नाकागोवर अनेकदा बारीक शिक्का असतो, सेकीचा किंवा शोवा या अक्षराचा. शिक्का दिसला की पातं बहुधा पारंपरिक पद्धतीचं नाही असं समजावं. अपवाद एका छोट्या चांदणीचा. तो लष्कराने नेमलेल्या लोहारांचा शिक्का. त्यांना तामाहागाने नावाचं पारंपरिक पोलाद पुरवलं जाई आणि ते हातानेच घडवत.

तामाहागाने म्हणजे लोखंडी वाळू आणि लोणारी कोळसा मातीच्या भट्टीत सलग तीन दिवस, तीन रात्री जाळून मिळणारं पोलाद. शिमाने प्रांताच्या डोंगरात अशा भट्ट्या होत्या. तोक्योच्या यासुकुनी देवस्थानच्या आवारात १९३३ ते १९४५ या काळात एक लोहारशाळा चालली. तिथल्या लोहारांच्या नावाची सुरुवात ‘यासु’ने होई आणि तिथे सुमारे ८,१०० पाती घडली. युद्धानंतर भट्टी विझली. १९७७मध्ये शिमानेतच ती पुन्हा पेटवली गेली आणि आजचे तलवारकार तिथलंच पोलाद वापरतात.

[दृश्य : नाकागोवरची कोरलेली अक्षरं, बोट एकेका अक्षराखाली.]

सहीच्या मागच्या बाजूला कधी तारीख असते. शोवा सतरावं वर्ष, आठवा महिना, असं. शोवा वर्षात १९२५ मिळवा, म्हणजे १९४२. तारखांमध्ये दुसरा आणि आठवा महिना सारखा भेटतो, ती जुनी रीत आहे. नाकागोवर लाल किंवा पांढऱ्या रंगात हाताने लिहिलेला आकडा दिसला तर तोही पुसू नका. कोणती मूठ कोणत्या पात्याची, हे कळावं म्हणून जोडणी करणाऱ्या कामगाराने तो लिहिलेला असतो. त्याचं नाव कुठेच नाही, हस्ताक्षर मात्र उरलं आहे.

सही मोठ्या लोहाराची निघाली तर हुरळून जाऊ नये. मासामुनेचं नाव जपानी शाळकरी पोरालाही ठाऊक असतं, म्हणून तेच सर्वांत जास्त खोटं कोरलं गेलं. खोट्या सहीला गिमेइ म्हणतात आणि ती कोरण्याचा उद्योग शतकानुशतकांचा आहे. आधी पात्याचा घाट, पोलाद, हामोन पाहायचा. सही सगळ्यांत शेवटी वाचायची, ती पात्याशी जुळते का एवढंच तपासायला. आणि हल्ली बाजारात नव्या नकली लष्करी तलवारींचा सुळसुळाट आहे. त्यांच्यात हामोन आम्लाने उठवलेला असतो, मुठीची गुंफण ढिली असते, नाकागोवर घाईत पाडलेला गंज. भिंगाखाली हे लपत नाही.

[दृश्य : जुनं कृष्णधवल छायाचित्र, टेबलावर ओळीने ठेवलेल्या तलवारी.]

या तलवारी जगभर पसरल्या त्या १९४५ नंतर. आग्नेय आशियात जपानी अधिकाऱ्यांनी तलवार सर्वांसमोर हाती द्यावी असा माउंटबॅटन यांचा आग्रह होता, तेच माउंटबॅटन जे पुढे दीडेक वर्षात दिल्लीत व्हाइसरॉय म्हणून आले. ३० नोव्हेंबर १९४५ रोजी सायगावात फील्ड मार्शल तेराउची यांनी आपल्या तलवारी त्यांना दिल्या. त्यातली आखूड तलवार १४१३ सालची, आता ती विंडसर किल्ल्यात आहे.

या युद्धात आपली माणसंही होती. मार्च १९४४मध्ये मणिपूरच्या सांगशाक इथे मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन जपानी फौजेला अडवायला उभी होती. बर्मा, मलाया किंवा सिंगापूरहून आजोबांनी आणलेली अशी एखादी तलवार आज कोणाच्या घरी असेल, तर ती अजून नीट पाहिलीच गेली नसण्याची शक्यता आहे.

जपानात अमेरिकी सैन्याने घरोघरच्या तलवारी गोळा केल्या. कित्येक वितळवल्या गेल्या, समुद्रात गेल्या, सैनिकांच्या सामानातून अमेरिकेत गेल्या. तोकुगावा घराण्याची होन्जो मासामुने ही राष्ट्रीय संपत्ती ठरलेली तलवार. डिसेंबर १९४५मध्ये ती तोक्योतल्या मेजिरो पोलीस चौकीत जमा झाली. पुढच्या महिन्यात ती कोणीतरी नेली. त्यानंतर तिचा ठावठिकाणा लागलेला नाही.

कागोशिमाच्या तेरुकुनी देवस्थानची कुनिमुने लोहाराची तलवारही तशीच गेली होती. ती अमेरिकेतले संग्राहक वॉल्टर कॉम्प्टन यांना मिळाली. त्यांना पातं वाचता येत होतं. आपल्या हातात काय आहे हे त्यांनी ओळखलं आणि १९६०च्या दशकात ती देवस्थानला परत केली. एक पैसाही न घेता.

[दृश्य : मऊ कागदाने पातं पुसणारे हात. वाटीत तेल.]

पात्यावर उघडं बोट टेकवू नका, घामाचा डाग आठवड्याभरात गंजतो. जपानी लोक पात्याला लवंगेचा वास असलेलं पातळ तेल लावतात. थेंबभर पुरे, आणि फक्त वरच्या पात्याला. धार काढायला सहाणेवर नेऊ नका. पात्याला उजाळा देणारे जपानात वर्षानुवर्षं शिकून तयार होतात, त्यांनाच ते करू द्या.

काही तलवारींच्या मुठीला अजून एक चिठ्ठी बांधलेली सापडते. शरणागतीच्या वेळी अधिकाऱ्याने आपलं नाव, कधी गावही, शाईने लिहून बांधलेली. परत मिळेल या आशेने. त्या चिठ्ठीवरून काही घरं शोधता आली आहेत. पण जपानच्या १९५८च्या कायद्याने फक्त पारंपरिक पद्धतीने घडवलेल्या पात्याची नोंद होते आणि तेच घरी ठेवता येतं. कारखान्यातलं शोवा-तो परत पाठवलं तर ते कुटुंबाच्या हाती न पडता जप्त होतं. म्हणून चिठ्ठी सापडली तरी तलवार लगेच पाठवायची नसते. आधी खुंटी काढायची, मूठ उतरवायची आणि नाकागो दिव्याखाली धरायचा.

[दृश्य : नाकागो मुठीत सरकतो. अंगठा बांबूची खुंटी आत दाबतो.]