मारिओच्या विटांमागची गोष्ट

नमस्कार श्रोतेहो.

नव्वदच्या दशकात इंदूरमध्ये ज्या ज्या घरी टीव्हीला व्हिडिओ गेम जोडलेला असे, तिथे एका प्रश्नावरून भांडणं झालेली आहेत. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या गेममधला मारिओ स्टेजच्या शेवटी झेंड्याच्या खांबावर उडी मारतो, घसरत खाली येतो आणि किल्ल्यात शिरतो. मग कधी किल्ल्यावर फटाके उडतात, कधी उडत नाहीत. असं का? कुणी म्हणे, खांबाचं टोक पकडायला हवं. कुणी म्हणे, नाणी जास्त गोळा करायला हवीत. खरं उत्तर पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात, उरलेल्या वेळेच्या आकड्यात होतं. खांबाला हात लागतो त्या क्षणी वेळेचा शेवटचा आकडा १ असेल तर एक फटाका, ३ असेल तर तीन, ६ असेल तर सहा. दुसरा कुठलाही आकडा असला तर एकही नाही. प्रत्येक फटाक्याचे ५०० गुण.

जपानच्या निंटेंडो कंपनीनं ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १३ सप्टेंबर १९८५ रोजी बाजारात आणला. आपल्या वाट्याला तो बहुतेक नकली यंत्रांवर आला, एका कॅसेटमध्ये शेकडो गेम असल्याचं छापलेल्या कॅसेटींमधून. रामबागेत काय नि जेलरोडच्या आसपास काय, मुलं एकमेकांकडून ऐकूनच शिकली. मूळ कॅसेटबरोबर जी पुस्तिका मिळायची, ती आपण कधी पाहिलीच नाही, आणि या गेमची कथा तर त्या पुस्तिकेतच होती.

अमेरिकेतल्या पुस्तिकेत ती अशी दिली आहे. कासवांची टोळी मशरूमच्या राज्यावर चाल करून येते आणि काळ्या जादूनं तिथल्या शांत, गरीब प्रजेला दगड, विटा आणि रानातली झुडपं करून टाकते. ही जादू उलटवू शकते फक्त तिथली राजकन्या, म्हणून ती कैदेत. आता विचार करा, ज्या विटा आपण पॉइंटसाठी धडाधड फोडल्या त्या कोण होत्या! मला हे कळलं तेव्हा फार चुटपुट लागली होती. आणि त्या विटा मारिओ डोक्यानं फोडतो असं आपण सगळेच समजत होतो, पण चित्र नीट पाहा. उडी मारताना त्याची मूठ वर असते.

या गेमच्या गमती मला इतक्या प्रिय आहेत त्याचं कारण एकच. त्यातली जवळजवळ प्रत्येक गंमत टंचाईतून आलेली आहे. अख्खा गेम ४० किलोबाइटचा. आज मोबाईलवर येणारा साधा फोटोसुद्धा याच्या कित्येक पट मोठा असतो. म्हणून आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त एकाला पांढरा रंग आणि दुसऱ्याला हिरवा. सुरुवातीलाच समोरून चालत येणारा तो तपकिरी शत्रू, गुंबा, सगळ्यात शेवटी तयार झाला. पहिला शत्रू म्हणून कासव जड जातंय असं लक्षात आलं, पण तोवर जागा संपत आली होती. मग एकच चित्र आलटून पालटून उलटं करायचं ठरलं, आणि तो चालल्यासारखा दिसू लागला!

मारिओचा चेहराही असाच घडला. निंटेंडोच्याच १९८१ च्या ‘डाँकी काँग’ या गेममध्ये तो सुतार होता, प्लंबर नव्हे, आणि त्याचं नावही ‘जंपमॅन’ होतं. मारिओ घडवणारे शिगेरू मियामोतो यांच्या हाती मोजके ठिपके. त्यात तोंड काढणं शक्य नव्हतं, म्हणून नाकाखाली मिशी. उडी मारताना केस उडताना दाखवता येईनात, म्हणून टोपी. हात अंगापासून वेगळे दिसेनात, म्हणून ती खांद्यांवर पट्टे असलेली पँट. आणि मारिओ हे नाव आलं मारिओ सेगाली यांच्यावरून. कंपनीचं अमेरिकेतलं गोदाम त्यांच्या जागेत होतं. घरमालकाचं नाव जगभर पोचलं, पण स्वतः सेगाली २०१८ साली वारले तोवर प्रसिद्धीपासून लांबच राहिले.

आता माझ्या सगळ्यात आवडीची गोष्ट, जरा सावकाश सांगतो. स्टेज १-२, म्हणजे पहिल्या जगातली दुसरी, जमिनीखालची. शेवटी बाहेर पडायचा पाइप आहे, त्याच्या वर विटा. त्या ठिकाणी खाली बसून, पाठमोरी, अगदी नेमकी उडी मारली तर मारिओ भिंतीतून आरपार पलीकडे जातो. पलीकडच्या खोलीत पुढच्या जगांत नेणारे तीन पाइप. स्वागताची पाटी पडद्यावर यायच्या आत डावीकडच्या पाइपात शिरलं, की वर लिहून येतं: वर्ल्ड, मग कोरी जागा, मग ‘-१’. पोरांनी त्याला ‘मायनस वर्ल्ड’ म्हटलं.

खरं तर ते उणे एक नाहीच. पाटी यायच्या आधी यंत्राच्या हाती दुसऱ्याच खोलीची यादी असते. ती ४-२ मधली, जिथे एकच पाइप आहे. त्या यादीत मधल्या जागी ५, म्हणजे पाचवं जग, आणि दोन्ही बाजूंना कोरी जागा. पण यंत्राच्या लेखी कोऱ्या चौकोनालाही नंबर असतो, ३६. ते बिचारं इमानानं आपल्याला ३६ व्या जगात नेतं, आणि ३६ लिहायला जातं तर पडद्यावर कोरी जागाच उमटते. आत पाण्याखालची एक स्टेज आहे. शेवटच्या पाइपात शिरलं की पुन्हा त्याच स्टेजच्या सुरुवातीला. वेळ संपेपर्यंत सुटका नाही. जपानमध्ये हाच गेम फ्लॉपीसारख्या डिस्कवरही निघाला, त्यात मात्र याच वाटेनं गेलं तर तीन वेगळ्याच स्टेज लागतात आणि त्या पुऱ्याही करता येतात.

३-१ च्या पायऱ्यांवर कासव उडवत उडवत लाइफ वाढवणारे तर आपल्याकडे गल्लोगल्ली होते. लाइफ नऊच्या पुढे गेल्या की आकड्याच्या जागी मुकुट आणि चित्रविचित्र खुणा यायच्या. पण हाव जास्त झाली की घात. १२७ च्या पुढे यंत्र ती संख्या ऋण समजतं, आणि मारिओ पुढच्या वेळी मेला की थेट गेम ओव्हर.

नंतरच्या भागांत बनवणाऱ्यांची घरंही डोकावू लागली. साखळीला बांधलेला, अंगावर धावून येणारा तो काळा गोळा मियामोतोंना लहानपणी घाबरवणाऱ्या कुत्र्यावरून सुचला. आणि आपण बघितलं की तोंड झाकणारं, पाठ फिरवली की मागे लागणारं भूत? मियामोतोंचे सहकारी ताकाशी तेझुका यांच्या पत्नी एरवी शांत, लाजऱ्या. नवरा कामात गुंतून घरी उशिरा येतो म्हणून एके दिवशी त्यांनी चांगलंच फैलावर घेतलं. त्यावरून ते भूत आलं.

आपलं इंदूर नाटकवेडं, म्हणून हे शेवटी मुद्दाम सांगतो. १९८८ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ मिळाला तर नीट बघा. सुरुवातीला लाल पडदा वर जातो. पुढे काही ठोकळे वरून टांगलेले आहेत, काही मागच्या फळीला स्क्रूनं ठोकलेले, आणि त्यांच्या सावल्या चक्क आकाशावर पडतात, कारण ते आकाश रंगवलेलं आहे. स्टेज संपली की मारिओ उजवीकडे अंधारात शिरतो, नट विंगेत जातो तसा. हे सगळं नाटकच आहे की काय, असं चाहते वर्षानुवर्षं विचारत होते. २०१५ साली कंपनीच्या एका छोट्या व्हिडिओत मियामोतोंना तोच प्रश्न केला गेला, आणि त्यांनी मान डोलावून हो म्हटलं.

नमस्कार.